'आवाज येतोच' म्हणून चालणार नाही

हिंगोली जिल्ह्याला आवाजांची सवय आहे. वसमत, औंढा नागनाथ आणि कळमनुरी तालुक्यांतील कित्येक गावे जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकत आली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या आवाजांकडे किती गांभीर्याने पाहायला हवे, हे सगळ्यांनाच कळले. याच जिल्ह्यात, औंढ्याजवळच्या दुधाळा परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथल्या शास्त्रज्ञांचे अर्धे काम म्हणजे नको असलेला आवाज कुठून येतो, याचा छडा लावणे. माझे म्हणणे एवढेच, की हीच शिस्त आपल्या आखाड्यावरच्या सौर बॅटरीलाही लावायला हवी.

गेल्या हिवाळ्यात एका नातेवाइकाच्या आखाड्यावर मुक्काम होता. पत्र्याची एकच खोली. त्यात सालगडी, त्याची बायको आणि दोन लहान मुले. कोपऱ्यात चूल आणि मुलांच्या उशाशी सौर पॅनलवर चालणारी मोठी बॅटरी. दुपारी खोलीत शिरलो तर बॅटरीतून भात शिजावा तसा खदखद आवाज येत होता. वासही उग्र होता.

"मामा, हा आवाज कधीपासून?"

"दिवाळीपासून हाय भाऊ. बसवून गेला त्याला फोन केला, तर म्हणला आवाज येतोच."

मीटर लावून पाहिले. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तब्बल १५.६ व्होल्ट! पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर निकामी होऊन पॅनल थेट बॅटरीला भिडले होते. आतले पाणी प्लेटांच्या खाली गेले होते. धाकट्या पोराला महिनाभर खोकला होता. तो बॅटरीमुळेच होता असे मी म्हणणार नाही, चुलीचा धूरही होताच. पण अशा बॅटरीतून आम्लाचे बारीक तुषार हवेत येतात आणि घसा, डोळे चुरचुरतात, हे निश्चित.

त्याहून मोठा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पाण्याची बॅटरी भरत आली की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होते. थोडे बुडबुडे साहजिक आहेत. पण चार्जिंग थांबलेच नाही, तर हायड्रोजन साठत जातो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका असल्याने पत्र्याखाली जमतो. खाली चूल, वर हायड्रोजन आणि मध्ये झोपलेली मुले. 'आवाज येतोच' या दोन शब्दांत हे सगळे झाकले गेले होते.

मग कोणता आवाज चालायचा आणि कोणता नाही? डॉक्टर जसे विचारतात तसे तीन प्रश्न विचारावेत: कुठून येतो, कधी येतो आणि पूर्वीपेक्षा काय बदलले?

इन्व्हर्टरची संथ गुणगुण बहुधा निरुपद्रवी असते. ५० हर्ट्झच्या विजेमुळे आतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो, त्याचा तो आवाज. साध्या चार्ज कंट्रोलरची दुपारची बारीक 'झंऽऽ' हीसुद्धा नेहमीचीच. बॅटरी भरत आली की तो पॅनलचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा तोडून जोडतो. ढग येताजाता रिलेची 'टक' ऐकू आली तर काळजी नको, पण ती भर उन्हात सतत होऊ लागली तर जोडणी सैल आहे का, बॅटरी दमली आहे का, हे तपासावे. पंख्याची घरघर बहुतेकदा धुळीची किंवा बेअरिंगची असते. पंखा बंद पडला तर यंत्र तापते, म्हणून तीही दुर्लक्षू नये.

रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा टकटकते, ते त्याचे कामच आहे. तारेवर तडतड होत असेल, तर गवत किंवा ओली काठी तारेला टेकली आहे असे समजावे. सौर कृषिपंपाला बहुधा बॅटरी नसते. ऊन चढेल तसा त्याचा सूर चढतो, उतरेल तसा उतरतो. पण पाइपातून गुडगुड येऊन पाणी तुटक पडू लागले, तर बोअर उपसले गेले आहे. पंप लगेच बंद करावा.

तीन आवाजांना मात्र माफी नाही. पहिला, पाण्याच्या बॅटरीची जोरदार खदखद. सोबत बॅटरी गरम लागत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास असेल तर जास्तच. विडी, चूल विझवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे आणि पॅनलकडचा स्विच बंद करावा. बॅटरीची वायर ओढू नये, ठिणगी तिथेच पडते. दुसरा, पॅनलच्या वायरींजवळची चरचर किंवा तडतड. पॅनलची वीज एकदिश असते. घरातल्या विजेसारखी ती क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, म्हणून एकदा पेटलेली ठिणगी आपोआप विझत नाही. चालू प्रवाहात जोड कधीही ओढू नये. स्विच बंद करून लांब राहावे आणि तंत्रज्ञाला बोलवावे. तिसरा, लिथियम बॅटरीची फुसफुस. ही बॅटरी खदखदत नाही. तिच्यातून वायू सुटल्याचा आवाज आला, तर काहीही वाचवत न बसता बाहेर पडावे.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याने आता हेही शिकायचे का? मला उलटे वाटते. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी माणसे आपल्या गावोगावी आहेत. कान तयार आहे, फक्त नव्या यंत्राची ओळख कुणी करून दिलेली नाही. ती करून देणे हे बसवणाऱ्याचे काम आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. संच ताब्यात देताना सही घेण्याआधी तो भर दुपारी पूर्ण क्षमतेने चालवून दाखवावा आणि घरातल्या बाईमाणसांसह सगळ्यांना ऐकवावा. 'हा आवाज चालेल, हा नाही' असे मराठी पान भिंतीवर लावावे. दुसरी, बॅटरी झोपायच्या खोलीत बसवूच नये. जागाच नसेल तर चुलीपासून दूर, आणि छताजवळ हवा जायला झरोका हवा. तिसरी, उन्हाळ्याआधी तपासणी व्हावी. तापमान वाढले की बॅटरीला कमी व्होल्ट लागतात, दर १० अंशांमागे सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्ट. हिवाळ्यात साधारण १४.४ वर ठीक चालणारी बॅटरी मे महिन्यात त्याच आकड्यावर उकळू लागते. आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताईंनी चुलीच्या धुराबरोबर 'बॅटरी कुठे ठेवली?' एवढे विचारले, तरी बरेच काही साधेल.

त्या आखाड्यावर आता नवा कंट्रोलर आहे आणि बॅटरी बाहेर, जाळीच्या पेटीत. जमिनीतून येणारा आवाज थांबवणे आपल्या हाती नाही. उशाशी येणारा आवाज मात्र आहे. आज दुपारी दोन वाजता पाच मिनिटे आपल्या बॅटरीजवळ शांत उभे राहा आणि ऐका.