माहेरची शिट्टी

नाव कुस्तीच्या तालमीचे आणि खेळ फुटबॉलचा, ही आमच्या कोल्हापूरची तऱ्हा! परवा शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा चषकाचा सामना होता. माझे माहेर मंगळवार पेठेत, सासर शिवाजी पेठेत. पंचाईत तुम्हीच ओळखा. शेजारी चिरंजीव ‘शिवाजी’साठी घसा फोडीत होते. मी मराठीची प्राध्यापिका, अव्ययासारखी अविकारी बसले होते. पण अखेरच्या मिनिटांत पाटाकडीलने गोल मारला आणि मी ताडकन उठून शिट्टी घातली! तोंडात बोटे घालून. लहानपणी याच गॅलरीत दादाने शिकवली होती तशी. दादाला जाऊन सहा वर्षे झाली.

चिरंजीव बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “आई, आणि एकदा घाल की!”