बटणं दाबणारं भूत

पल्लावरमला भाच्याच्या खिडकीतून मीनंबाक्कमला उतरणारी खरी विमानं दिसतात, पण याचा जीव टेबलावरच्या संगणकातल्या, सिम्युलेटरमधल्या एअरबस ए-३२० मध्ये. अंधारं कॉकपिट जागं करायचं म्हणजे माऊसने टिचक्या मारत बसा: बॅटरी १, बॅटरी २, मग एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन)… कंटाळून त्याने या टिचक्या आपोआप मारणारी स्क्रिप्ट लिहिली. पहिल्याच दिवशी सिम्युलेटरमधला कॅमेरा बोटभर सरकला होता, त्यामुळे टिचकी भलत्याच स्विचवर पडून सीटबेल्टची सूचना पेटली. (विमानात चिटपाखरू नाही!) मग शहाणपण आलं: पडद्यावरची जागा पकडायची नाही, सिम्युलेटरच्या आतला स्विचच थेट हलवायचा. घाईही चालत नाही. एपीयूचा मास्टर स्विच दाबला की हवेची झडप उघडू द्यायची, मगच 'स्टार्ट'. दिशा सांगणाऱ्या जायरोंना तर पृथ्वीचं फिरणं जोखून उत्तर दिशा शोधायला काही मिनिटं लागतात. विषुववृत्ताजवळच्या चेन्नईत कमी, ऑस्लोत जास्त. हे ताटकळणंही त्याने स्क्रिप्टवर सोपवलं आणि आम्ही फिल्टर कॉफी करायला उठलो. परत आलो तर दोन्ही इंजिनं घरघरत होती. ''पार्किंग ब्रेक तरी मला सोडू दे रे,'' मी म्हटलं. ''मामा, तोही स्क्रिप्टमध्येच आहे.''