१९७५चा तो निकाल आठवावा


निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी संसदेचे कायदे रद्द करू नयेत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मुळीच पटले नाही. मग बहुमताला आवर कोणी घालायचा? १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली. ऑगस्टमध्ये, विरोधी नेते तुरुंगात असताना, संसदेने ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. म्हणजे अपिलात चालू असलेल्या खटल्याचा निकाल संसदेनेच लावून टाकला! ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील हे पोटकलम रद्द केले. इंदिरा गांधींची निवड मात्र न्यायालयाने वैधच ठरवली. याला अतिक्रमण कसे म्हणायचे? न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयीची तक्रार रास्त आहे. पण त्यापायी कायदे तपासण्याचा अधिकारच काढून घेणे मला घातक वाटते.

— एक वाचक, सातारा