तार लावण्याआधी ब्रश शिकवा

मुलाच्या दातांना तारा लावायचं ठरलं की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. खर्च किती आणि वेळ किती लागेल? तोंड स्वच्छ कसं ठेवायचं, हे सहसा कुणी विचारत नाही. मग काही महिन्यांनी मूल बोलताना तोंडावर हात धरू लागतं आणि घरात माउथवॉशची बाटली येते.

माउथवॉशने वास तेवढ्यापुरता दबतो, कारण तसंच राहतं. प्रत्येक दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट, त्यातून जाणारी तार आणि ती धरून ठेवणारी इवली रबरी कडी, या सगळ्या सांदीकोपऱ्यांत पोळीचा, चिवड्याचा कण अडकतो. त्याभोवती जंतूंचा चिकट थर साचतो. हवेविना वाढणारे जंतू त्यातली प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्याला वास येतो तो याच वायूचा. हिरड्या सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं. रक्त दिसलं की मूल घाबरून नेमकी तीच जागा घासायचं सोडतं आणि सूज आणखी वाढते.

जंतू गोड-पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि त्याने दात किडतो, हे दंतसंशोधक विलोबी मिलर यांनी 1890 मध्येच मांडलं होतं. ब्रॅकेटभोवती थर साचू दिला, तर अवघ्या चार आठवड्यांत दातावर खडूसारखे पांढरे डाग दिसू शकतात. दीड-दोन वर्षांनी तारा निघतात, दात सरळ झालेले असतात, पण डाग बहुतेकदा पूर्ण जात नाहीत.

म्हणून तारा लावूच नयेत, असं मुळीच नाही. वेड्यावाकड्या, एकमेकांवर चढलेल्या दातांतही अन्न अडकतंच, आणि दात सरळ झाले की ते घासणं सोपं होतं. काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनरही आपोआप स्वच्छ राहत नाहीत. ते दिवसातले वीस-बावीस तास दातांवर असतात. जेवून चूळही न भरता परत चढवले, तर अन्न आत कोंडतं आणि लाळ दातांपर्यंत नीट पोहोचत नाही.

हिरड्या निरोगी होईपर्यंत आणि मुलाला नीट घासता येईपर्यंत तार लावूच नये, ही शिस्त अनेक चांगले ऑर्थोडॉन्टिस्ट पाळतात. ती प्रत्येक दवाखान्यात हवी. हजारो रुपयांच्या उपचारात फ्लोराइडची पेस्ट आणि तारेखाली शिरणारा बारीक ब्रश यांचा खर्च किरकोळ आहे. शाळांनीही मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर अशा मुलांना ब्रश करायला पाच मिनिटं द्यावीत. इतर मुलं हसतील या भीतीने ती स्वतःहून हा वेळ मागत नाहीत.

आईबाबांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच सांगावं: तार घट्ट करण्याआधी हिरड्या तपासा, आणि कसं घासायचं ते मुलाकडून आरशासमोर करून घ्या.