आच वाढवा म्हणे!

मंडळी, अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरच्या गॅरेजमध्ये ओतणं हा चक्क छंद आहे. स्वतःपुरत्या ओतल्या तर केंद्र सरकारचा परवानाही लागत नाही. बंदूक असावी की नसावी हा वाद आज नको. माझं भांडण आहे ते या छंदातल्या एका लाडक्या मंत्राशी: गोळी नीट येत नाही? आच वाढवा!

अहो, आधी भांड्यात काय पडलंय ते तरी बघा!

बहुतेकांचा कच्चा माल म्हणजे चाकं बॅलन्स करायची जुनी वजनं. पूर्वी ती शिशाचीच असत. युरोपने २००५ पासून नव्या गाड्यांवर ती बंद केली, पुढे कॅलिफोर्नियानेही. त्यामुळे आता बादलीत जस्ताची आणि पोलादाची वजनंही येतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. मधले हे नव्वद अंश म्हणजे फुकटात मिळालेली चाळणी! तापमान ३७० च्या आसपास ठेवा, जस्ताची वजनं वर तरंगतात, झाऱ्याने लगेच काढून टाका. पण मंत्रवाले आच चढवतात, जस्त विरघळतं आणि भांड्यात लापशी होते. साचा भरत नाही, कडा बोथट येतात. मग उपाय काय? आणखी आच!

कथलाचंही तेच. जास्त तापवलं की त्याचं भराभर ऑक्साइड होतं, वर राखाडी साय धरते. ती मळी समजून फेकणारे मिश्रणातला महागडा धातू फेकत असतात. थोडं मेण घालून ढवळलं तर कथील पुन्हा खाली उतरतं. जस्त मात्र मेणाने निघत नाही. त्यावर कोणी गंधक सुचवतं. म्हणजे घरात सल्फर डायऑक्साइड! त्यापेक्षा तो माल सरळ भंगारात द्या. आपला कल्हईवाला बघा, हातात थर्मामीटर नसतो, तरी भांडं बेतानेच तापवतो.

"माझ्या आजोबांनी जन्मभर ओतल्या, काही झालं नाही," हे उत्तर ठरलेलं. आजोबांचं सोडा हो, नातवंडांचं बोला. शिसं उकळतं १७४९ अंशांना, म्हणजे वाफेची भीती त्या मानाने कमी. खरा धोका मळीच्या भुकटीचा. ती हाताला, कपड्यांना, बुटांना चिकटून स्वयंपाकघरात येते. आच जितकी जास्त तितकं ऑक्साइड जास्त, म्हणजे भुकटीही जास्त. लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषलं जातं. रक्तात किती शिसं असलं तर मुलाकडे लक्ष द्यायचं, ती पातळी इथल्या आरोग्य खात्याने २०२१ मध्ये डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. सुरक्षित पातळी अशी कुठलीच माहीत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं खूळ समजू नका. तिकडे जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसं वितळवतात, त्या धंद्यात तर छंदाचीही सबब नाही. एक थर्मामीटर, वेगळे कपडे आणि साबणाने धुतलेले हात. एवढंही ज्याला जड वाटतं, त्याने भट्टी पेटवूच नये.