निधीतुन

सोमवारी पहाटे फिरायला निघालो, तर सोसायटीच्या फाटकासमोर गुलमोहराखाली एक बाक होता. रविवारी रात्री तिथे नव्हता. बाक ही काही चिडण्यासारखी वस्तू नव्हे. माझ्या गुडघ्यांची अवस्था पाहता मी त्याला खरं तर ओवाळायला हवं होतं. (गुडघ्यांवर मागे सलग दोन रविवार लिहून झालंय. तिसऱ्यांदा लिहिणार नाही, असं संपादकांना वचन दिलं आहे.) बसायला म्हणून वळलो आणि पाठ टेकायच्या जागी रंगवलेली अक्षरं वाचली : 'मा. आमदार साहेब यांच्या स्थानिक विकास निधीतुन.'

'तु' ऱ्हस्व.

माझी ही खोड निम्म्या वाचकांना ठाऊक आहे आणि उरलेले निम्मे तिच्यापायीच हे सदर वाचत नाहीत. 'घरातून', 'मनातून', 'निधीतून', यातला 'तू' दीर्घच. तो ऱ्हस्व दिसला की घासात खडा आल्यासारखं होतं. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. टेकून बसलं की अक्षरं झाकली जातात हे खरं, पण ती मागे आहेत हे पाठीला कळत राहतं. घरी येऊन 'ऱ्हस्व टोचतोय' म्हणालो, तर सौ.ने बामची बाटली पुढे केली.

निधीचा हिशेब एकदा सांगून टाकतो, म्हणजे पत्रं यायची नाहीत. राज्यात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ आमदार. प्रत्येकाच्या वाट्याला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये. पैसे त्यांच्या हातात पडत नाहीत. ते काम सुचवतात, मंजुरी आणि देयकं जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून होतात. पैसे तुमचे-आमचे. त्यामुळे आपल्याच पैशाच्या बाकावर दुसऱ्याच्या नावाला पाठ लावून बसायचं. झाला हिशेब.

मंगळवारी पहाटे मी खिशात काळा मार्कर घेऊन गेलो.

करायचं काय होतं? एक उकार फिरवायचा. ऱ्हस्वाचा दीर्घ. अर्ध्या मिनिटाचं काम. पण माझं आडनाव सुतार असूनही जन्मात मी एक खिळा सरळ ठोकलेला नाही, त्यामुळे उकार फिरवताना हात घसरला आणि काळी रेघ थेट 'मा.'च्या मानेपर्यंत गेली. रुमालाने पुसायला गेलो, तर ती आणखी पसरली. शेवटी तिथून सटकलो.

नऊ वाजता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाकाचा फोटो आला. खाली मजकूर : 'लोकार्पणाआधीच फलकाची विटंबना! विकास बघवेना म्हणून विरोधकांचे नीच कृत्य!!' मग निषेधाच्या मुठी, रागावलेले लाल चेहरे, आणि बी विंगमधल्या एका काकांचा सुप्रभातचा गुलाब, तो दर मंगळवारी येतोच. दहा वाजता सीसीटीव्हीचं फुटेज आलं. फुटेजमध्ये विरोधक नव्हते, माकडटोपी घातलेला एक इसम होता. माकडटोपी आमच्या सोसायटीत एकच आहे.

संध्याकाळी 'भावी' घरी आले. भावी म्हणजे भावी नगरसेवक. महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या त्या काळात ही जमात फोफावली. 'माजी'च्या खालोखाल आता 'भावी' हेच पद. पोरगा सज्जन आहे, पायातले बूट बाहेर काढून आत आला. म्हणाला, "काका, तुमचा साहेबांवर काही राग आहे का?" मी म्हटलं, "साहेबांवर नाही बाबा, उकारावर." त्याला वाटलं, उकार हा आमच्या वॉर्डातला कुणीतरी विरोधी कार्यकर्ता असावा.

मी त्याला ऱ्हस्व-दीर्घ समजावलं. त्याने मान डोलावली आणि आमदारसाहेबांची बाजू मांडली. ती ऐकून मी जरा गप्पच झालो, हे कबूल करतो. म्हणे, साहेब सकाळी सहाला उठतात. आठ वाजता घाटावर कुणाचा तरी दहावा असतो, तिथे दोन शब्द बोलायचे. तिथून लग्नं. वैशाखात एकाच मुहूर्ताची अकरा लग्नं लागली, तर साहेबांना अकराही ठिकाणी अक्षता टाकायच्या असतात. एकही चुकलं की त्या वस्तीची मतं गेली. गाडीच्या डिकीत शाल, श्रीफळ आणि बदलायला सदरा ठेवलेलाच असतो. एकदा घाईघाईत लग्नात बोलायचं दहाव्यात आणि दहाव्यात बोलायचं लग्नात झालं. 'वधूच्या आत्म्यास शांती लाभो' म्हणाले, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या वेळात गटार, ट्रान्सफॉर्मर, कुणाची बदली, कुणाचं अ‍ॅडमिशन, दवाखान्यासाठी चिठ्ठी. भावी माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, चिठ्ठी तुम्हीपण नेली होती." नेली होती. शेजाऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी धर्मादाय रुग्णालयात खाट मिळवायची होती. कायद्याने तशा खाटा राखीव असतात. खाट खरं तर हक्काची, पण चिठ्ठीशिवाय तो हक्क कुणाला दिसत नव्हता. चिठ्ठीतही दोन उकार चुकले होते. तेव्हा मात्र मी मार्कर काढला नव्हता.

मी म्हटलं, "ते सगळं ठीक. पण मग विधानसभेत जायचं कधी? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना?" भावी म्हणाला, "लक्षवेधीचा बाक कसा करणार, काका?"

याला मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते आलं कोपऱ्यातून.

कोपऱ्यात आमच्या सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणतो. सांगोला तालुक्यातल्या. ऐंशी ओलांडली आहे, कान शाबूत आहेत आणि थंडीत महिनाभर लेकीकडे येतात. हल्ली सांगोला म्हटलं की लोकांना झाडी नि डोंगर आठवतात. गुवाहाटीहून झालेल्या एका फोनची ही कृपा. मामींना झाडीचं नवल वाटतं. "आमच्याकडं कुठली आली झाडी? बाभळी व्हत्या, आन् आता डाळिंबं."

भावीने आदराने विचारलं, "आजी, तुमच्याकडं आमदार कसे?"

"आमच्याकडं आबासाहेब व्हते," मामी म्हणाल्या. वाक्य पुरं झालं असं त्यांना वाटलं. भावी माझ्याकडे पाहू लागला. त्याचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी शेपटाकडचा, त्याचं काय चुकलं? मी सांगितलं, गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्ष. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ साली अकराव्यांदा. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. मंत्री झाले ते थोडा काळ, बाकी जन्म विरोधी बाकांवर. तो बाक वेगळा, त्याच्या पाठीवर नाव नसतं. २०२१ च्या जुलैत गेले.

"एष्टीनं जायचे," मामी म्हणाल्या. "आन् पाणी पाणी करायचे. येकदा पडले, तवा आमच्या गल्लीत चूल पेटली न्हवती." हे गल्लीचं मी त्यांच्या वयाच्या खात्यावर मांडतो, पण पडले हे खरं. १९९५ साली, १९२ मतांनी. एवढी माणसं तर भावीच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतात.

भावी चिकाटीचा. "पण आजी, त्यांनी तुम्हाला काय दिलं?" मामींनी विचार केला. "मला कोन काय देतंय? मी कामावर जायाची. बंडिंगच्या. भात्तरला दुष्काळी काम व्हतं, खडी फोडायची, सुकडी मिळायची. मागनं हमीचं काम आलं. मुकादम हजेरी मांडायचा."

इथे मला राहवलं नाही. हमीचं नाव निघालं की मी बोलतोच, आणि बाकाचा विषय निघालाय हे मग माझ्या ध्यानात राहत नाही. रोजगार हमी योजना. तिच्यामागेही एक आमदारच होते आणि तेही विधान परिषदेचे. परिषदेला आपण पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र म्हणून हसतो. त्याच सभागृहाचे सभापती वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. सभापतीने खरं तर खुर्चीत बसून 'शांतता, शांतता' म्हणायचं. यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रयोग मांडला : हाताला काम मागेल त्याला काम द्यायचं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात त्याची राज्याची योजना झाली आणि १९७७ साली कायदा. तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. खेड्यातल्या मजुराने सरकारकडे काम हक्काने मागायचं, हे त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. दिल्लीला तसा कायदा करायला २००५ साल उजाडावं लागलं.

आणि पैसे कुठून आणायचे? इथे माझा प्रवेश होतो.

माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर पी. टी. म्हणून एक रकाना असे. व्यवसाय कर. १९७५ साली तो लागला तोच मुळी हमीच्या कामांसाठी. शहरातल्या नोकरदारांच्या आणि धंदेवाल्यांच्या खिशातून थोडे काढायचे, आणखी काही करांवर अधिभार लावायचा, सरकारने तेवढीच भर टाकायची. शेवटची कित्येक वर्षं दर महिन्याला २०० रुपये कापले जात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. फेब्रुवारी हा सगळ्यांत आखूड महिना, त्यात शंभर रुपये जास्त का, म्हणून मी दरवर्षी हिशेबनिसाशी भांडायचो. तो बिचारा म्हणायचा, "साहेब, बारा महिन्यांचा मेळ बसायला पाहिजे." मी म्हणायचो, "मेळ माझ्याच खिशातून का?" या भांडणावर माझा एक जुना रविवार आहे, तो वाचून हिशेबनिसाने मला दोन महिने चहा पाजला नाही. ते पैसे जातात कुठे, हे त्या लेखात एका ओळीनेही नव्हतं. निवृत्तीपर्यंत मला ठाऊकच नव्हतं.

मामी हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी जावईबापू, माझी हजेरी तुमच्या पगारातनं व्हती व्हय?"

"थोडीशी, मामी. मी नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही कामावर होतात ना?"

"व्हते की. धाकटीच्या लग्नापतुर." त्या हसायला लागल्या. "आन् मी म्हनत व्हते, जावयानं कधी धा रुपयं हातावर ठेवलं न्हाईत."

सौ. आतून ओरडली, "मी तुला पाठवत होते, आई!" आणि चर्चा तिथून कोण किती आणि कोणत्या दिवाळीला पाठवायचं याकडे वळली, ती जेवणापर्यंत चालली. भावी जेवायला थांबला. मामींच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची भाकरी त्याने तीन वेळा मागून घेतली. मधेच त्याने विचारलं, "आजी, त्या बंडिंगवर बोर्ड वगैरे?" मामी म्हणाल्या, "बांधाला कशाला बोर्ड? त्येच्यावर बोरी आल्यात." निघताना भावीने माझे पाय धरले. म्हणाला, "काका, चूक दुरुस्त करतो. शुक्रवारी लोकार्पण आहे, त्याआधी पेंटर आणतो. तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या, कुठं काय पाहिजे."

मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं : 'निधीतून. तू दीर्घ.' खाली सही केली.

लोकार्पणाला मी गेलो नाही, गुडघा... असो. मामी गेल्या. साहेबांना त्या दिवशी सात मुहूर्त होते, त्यामुळे ते चार मिनिटं आले, फीत कापली, मामींना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्याबरोबर फोटो काढून गेले. मामी नंतर तासभर त्याच बाकावर उन्हात बसून होत्या. टेकून. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने काहीही टोचलं नाही.

शनिवारी पहाटे, अंधारात, मी माकडटोपी न घालता गेलो. नवा पांढरा हात मारला होता. काळी रेघ गायब. मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. पहिली ओळ जशीच्या तशी : 'निधीतुन'. तिच्याखाली नवीन ओळ, अक्षर जरा मोठं, रंग तांबडा :

'विशेष सहकार्य : श्री. सूतार काका.'