परदेशातील अतिथी शिक्षक

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर डोकावू लागला आहे. तो इंदूर-ग्वाल्हेरहून येतो, जबलपूरहून येतो. पण बालाघाट जिल्ह्यातील बिरसा येथील एका वाचकभगिनीने तो जितक्या सरळपणे विचारला आहे, तितका आजवर कोणी विचारला नव्हता. कन्या इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, पुढे बी. एड. केलेले, शासकीय शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून काही सत्रे काम केले आहे. आता प्रागला जाऊन इंग्रजी शिकवावे असे तिच्या मनाने घेतले आहे. प्रशिक्षण, व्हिसा, विमानाचे भाडे आणि तेथील पहिले काही महिने एवढ्यासाठी पैसा उभा करावयाचा तर धानाची दोन एकर जमीन गहाण पडते. ती टाकावी की नाही, एवढेच या माउलीला आमच्याकडून हवे आहे.

घर सोडून जाऊ नये असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्या समाजाला नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. आपले पणजोबा कोणी मालगुजारीच्या निमित्ताने, कोणी कचेरीत, कोणी जंगल खात्यात, तर कोणी शाळेवर मास्तर म्हणून सातपुड्याच्या या अंगाला आले, तेव्हा त्यांनाही कोणी तरी 'एवढ्या रानात कशाला जाता' असे विचारलेच असेल. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि बालाघाट तिच्याच छायेत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, नागपूर पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. तेव्हा परक्या मुलुखात मूळ धरणे म्हणजे काय हे बैहरच्या पठारावरील मराठी घरांना शिकवावे लागत नाही. प्रश्न जाण्याचा नाही; कोणत्या कामासाठी जावयाचे याचा आहे. आणि त्या कामाविषयी आपल्याकडे जी कल्पना आहे ती फार गोड आहे.

प्राग, वॉर्सा, माद्रिद, मिलान अशा शहरांत खाजगी भाषाशाळा पुष्कळ आहेत. तेथे शिकवावयाचे तर केंब्रिजचे सेल्टा नावाचे प्रमाणपत्र किंवा त्याच्या बरोबरीचे एखादे प्रमाणपत्र असले म्हणजे झाले, असे सांगण्यात येते. या अभ्यासक्रमाचे तास १२०, आणि प्रत्यक्ष वर्गावर शिकवून दाखवण्याचे अवघे सहा. ज्या मुलीने आठवीच्या चाळीस-पन्नास मुलांपुढे वर्षभर खडू झिजवला आहे, तिला हे सहा तास म्हणजे पोरखेळ वाटेल. तिच्या बी. एड. ला मात्र या बाजारात फारसा भाव नाही.

प्रमाणपत्र हाती पडल्यावर जे मिळते त्याला नोकरी म्हणावे की नाही, हाच प्रश्न आहे. पगार तासावर मिळतो. शिकणारे बहुधा कंपन्यांतले कर्मचारी, त्यामुळे एक तास सकाळी कचेरी सुरू होण्यापूर्वी, दुसरा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि तिसरा दिवेलागणीला, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधला वेळ ट्रॅममध्ये नाही तर कॉफीच्या दुकानात काढावा लागतो, आणि त्या वेळाचे कोणी काही देत नाही. समजा, कागदावर आठवड्याला २५ तास ठरले. त्यांतले चार-पाच तास शिकणाऱ्यांच्या बैठकांमुळे वा आजारपणामुळे आयत्या वेळी रद्द झाले, तर हाती राहतात वीस. आणि त्या विसांची तयारी व धावपळ धरली तर आठवड्याचे चाळीस तास केव्हाच उलटून जातात. जुलै-ऑगस्ट हे तेथील सुट्टीचे दिवस. शहरे रिकामी होतात, वर्ग बंद पडतात, तासही नाहीत आणि पैसाही नाही. घरभाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते. नाताळच्या पंधरवड्याचीही तीच गत.

हे वर्णन मध्य प्रदेशातील वाचकांना ओळखीचे वाटेल. आपल्या शाळांतील अतिथी शिक्षक ते हेच. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने त्यांचे मानधन दुप्पट केल्याचे जाहीर केले. वर्ग एकच्या शिक्षकाचे ९,००० चे १८,००० झाले, त्यावरून आधी काय स्थिती होती ते उघड आहे. कायम नाही, सुट्टीचा पगार नाही, पुढच्या सत्रात बोलावतील की नाही याचा भरवसा नाही, या गोष्टींना कंटाळून मुलगी हजारो मैल दूर जाणार आणि तेथेही अतिथी शिक्षिकाच होणार! फरक इतकाच की बिरशाच्या बाजारात तिला लोक 'मॅडम' म्हणून वाट देतात. प्रागच्या ट्रॅममध्ये तिला कोणी ओळखत नाही.

आणखी एक बाब अशी की, प्रागमधील पुष्कळ भाषाशाळा शिक्षकाला नोकरीवर घेतच नाहीत. त्याने स्वतःच्या नावाने धंद्याचा परवाना काढावा आणि केलेल्या तासांचे बिल शाळेला द्यावे, अशी रीत आहे. म्हणजे शिक्षक हा एक छोटा दुकानदार ठरतो. आरोग्याचा विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी, कराचा हिशेब हे सारे त्याचे त्याने, तेही चेक भाषेतील कागदांवर पाहावयाचे. तेथील नागरिकाला हा जाच असेल. भारतातून गेलेल्या माणसाला तो धोका आहे, कारण त्याचा त्या देशात राहण्याचा परवानाच या धंद्याच्या कागदांना बांधलेला असतो. दोन महिने अंथरुणाला खिळलात, तास बुडाले, मिळकत घटली, तर नुसता खिसाच रिकामा होत नाही, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या घटलेल्या मिळकतीचा जाब द्यावा लागतो. आपल्याकडील अतिथी शिक्षकाचे तास गेले तर तो निदान गावात राहू शकतो.

आता सर्वांत बोचणारी गोष्ट. या शाळांच्या जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर हवा' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आमच्या आजोबांच्या काळी 'नेटिव्ह' हा शब्द साहेब आपल्याला उद्देशून नाक मुरडून वापरी. आता त्याच शब्दाला मोल चढले आहे, आणि नेमके आता आपण 'नेटिव्ह' उरलो नाही! नेटिव्ह म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारा. आणि तो कोण हे व्याकरणावरून नव्हे तर पासपोर्टावरून ठरते. ज्याने शेक्सपिअर कधी उघडला नाही असा विशीतला ऑस्ट्रेलियन तरुण चालतो. इंग्रजी वाङ्मयाची एम. ए. झालेली भारतीय मुलगी मुलाखतीलाही बोलावली जात नाही, किंवा बोलावली तर लहान मुलांच्या वर्गावर, कमी दराने.

त्यावर कायद्याची भिंत आहे ती निराळीच. युरोपीय संघाच्या देशांत जागा भरताना संघाच्या नागरिकाला प्रथम हक्क, आणि बाहेरच्यासाठी मालकाने परवान्याची खटपट करावयाची. आयर्लंड व माल्टा या दोन्ही देशांत इंग्रजी राजभाषा आहे आणि दोन्ही संघात आहेत, त्यामुळे त्यांच्या नागरिकांना ही अडचण नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि २०२१ च्या आरंभापासून खुद्द इंग्लंडातील इंग्रज मनुष्यालाही माद्रिदमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी परवाना लागू लागला. जेथे साहेबाला रांगेत उभे राहावे लागते, तेथे बालाघाटच्या मुलीचा क्रमांक कितवा लागेल याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

विद्यापीठांत तरी बरे असेल, असे कोणी म्हणेल. त्यासाठी इटलीतील 'लेत्तोरी' मंडळींची हकीकत सांगण्याजोगी आहे. इटलीच्या विद्यापीठांत आपापली मातृभाषा शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांना हे नाव आहे. १९८० च्या एका कायद्याने त्यांचे करार एकेका वर्षाचे केले आणि ते पाचहून अधिक वेळा वाढवता येणार नाहीत असे ठरवले. इतर अध्यापकांना अशी मुदत नव्हती. व्हेनिसच्या विद्यापीठातील पिलार अयुए व मेरी कार्मेल कूनन या दोघींनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि ३० मे १९८९ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने हा राष्ट्रीयत्वावरून केलेला भेदभाव आहे असा निर्णय दिला. प्रकरण तेथेच मिटावयास हवे होते. पण इटलीने या शिक्षकांचे पदनाम बदलून त्यांना नव्या वर्गात टाकले, जुन्या सेवेचे हक्क मान्य केले नाहीत, आणि २००१ व २००६ मध्ये न्यायालयाला इटलीला पुन्हा दोषी ठरवावे लागले. त्यानंतरही थकलेले हक्क पुरते न मिळाल्याने युरोपीय आयोगाने जुलै २०२३ मध्ये इटलीला परत न्यायालयासमोर उभे केले. ही सारी लढत युरोपीय नागरिकांची आहे. त्यांच्या पाठीशी करार होता, न्यायालय होते, आयोग होता. तरी वर्गात पाऊल टाकलेली माणसे निवृत्त झाली आणि खटले चालूच राहिले. ज्याच्या पाठीशी यांतले काहीच नाही त्याने पदनामावर आणि 'पुढे कायम करू' या शब्दांवर किती विसंबावे?

आपल्या मराठी माणसांनी युरोपात शिकवले नाही असे नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेज येथील भगिनींना मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात स्वतः शिकावे अशी व्यवस्था होती. १८८४ पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात त्या एकीकडे शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवत होत्या. तेथेही काटे होतेच. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी इंग्लंडात पोहोचल्यावर काही महिन्यांतच आत्मघात केला. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने रमाबाईंचा वैद्यकीचा बेत सुटला. आणि रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांनी घेतला. रमाबाईंनी त्याला पत्रांतून सडेतोड उत्तर दिले ते त्यांच्या स्वभावाला साजेसेच होते. पुढे गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९२९ साली लेनिनग्राडला पालि शिकवण्यास गेले, आणि तेथे फार काळ न रमता परत येऊन मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले.

या दोघांनाही थंडी, परकेपणा आणि वरिष्ठांची मर्जी यांचा त्रास आपल्या मुलीपेक्षा कमी झाला नसेल. पण रमाबाईंचे संस्कृत आणि कोसंबींचे पालि हे त्यांच्या घरचे धन होते. ते देणारा माणूस सहज दुसरा मिळत नव्हता, म्हणून आक्षेप घेणारे बिशप आक्षेप घेत राहिले आणि रमाबाई शिकवत राहिल्या. इंग्रजी शिकवण्यास जाणारी आपली मुलगी जो माल घेऊन निघाली आहे, तो कितीही चोख असला तरी गिऱ्हाइकाच्या मते तो दुसऱ्याच्या दुकानाचा आहे. ती कमी शिकली म्हणून तिला कमी लेखले जाणार नाही, ती आपली आहे म्हणून लेखले जाईल. आणि अधिक शिकून ही उणीव भरून निघणारी नाही. थंडी सोसता येते, डाळ-तांदूळ हल्ली सगळीकडे मिळतात, आईचा चेहरा रोज फोनच्या पडद्यावर दिसतो. हे दुखणे मात्र रोज वर्गात शिरताना नव्याने जाणवते.

परतीचाही विचार हवा. अतिथी शिक्षकांसाठी आपल्या राज्याच्या शिक्षकभरतीत काही जागा राखीव असतात आणि त्यासाठी केलेली सत्रे व दिवस मोजले जातात. प्रागमधील दोन वर्षे त्या मोजणीत धरली जात नाहीत; वय मात्र मोजले जाते. शिवाय 'मुलगी युरोपात शिकवते' हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत फार शोभते, पण ती शोभा टिकवण्यासाठी मुलीने तिकडून खरी हकीकत कळवू नये अशी घरच्यांची अव्यक्त अपेक्षा निर्माण होते. तोट्यात चाललेले दुकान बंद करणे सोपे. शेजाऱ्यांना पेढे वाटून उघडलेले दुकान बंद करणे फार अवघड.

म्हणून बिरशाच्या भगिनीला आमचे स्पष्ट उत्तर : या कामासाठी जमीन गहाण टाकू नये. दोन एकर धान दरसाल पिकते. तासावरचा पगार कर्जाचे हप्ते फेडील अशी खात्री तेथील नागरिकालाही देता येत नाही. जो मध्यस्थ 'आधी पैसे भरा, जागा पक्की आहे' म्हणतो, त्याला शाळेचा लेखी करार, त्यात आठवड्याच्या तासांची हमी, रद्द झालेल्या तासाचे काय, उन्हाळ्याचे काय आणि परवान्याचा अर्ज कोण करणार, एवढे विचारून पाहावे. बहुधा त्यानंतर त्याचा फोन येणे बंद होईल.

मुलीची युरोप पाहण्याची ओढ मात्र मोडू नये. फ्रान्स सरकारची भाषा-साहाय्यकांची एक योजना आहे, तीत इंग्रजीसाठी भारतातूनही उमेदवार घेतले जातात. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास शाळेत शिकवावयाचे, आणि हाती महिना सुमारे ८०० युरो पडतात. पैसा बेताचाच, पॅरिससारख्या शहरी तर अपुराच. पण करार सरकारी, मुदत आधीच ठाऊक, आणि परत यावयाचे हे सर्वांना माहीत असल्याने कोणाला काही लपवावे लागत नाही. अट एवढीच की वय मर्यादेत असावे आणि फ्रेंच बऱ्यापैकी यावी. ती शिकण्याची सोय भोपाळला आलियांस फ्रान्सेजमध्ये आहे, आणि त्या शिकवणीला दागिने-जमीन काढावी लागत नाही. फ्रेंच येणारी इंग्रजीची शिक्षिका उद्या आपल्याकडेही दोन भाषा शिकवू शकते. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले या योजनेतून वा भाषाशाळांतून शिकवून आली असतील, त्यांनी भाडे, विमा, प्रवास आणि शिल्लक यांचा महिनावार हिशेब आम्हांस कळवावा. नावगाव न देता तो आम्ही या सदरात छापू.